रविवारी न येणारं तीर्थ

आषाढातला मंगळवार उजाडला आणि आक्कांच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. बायकांच्या डोक्यावर घागरी होत्या, घागरींच्या तोंडात कडुनिंबाचे डहाळे होते आणि फाटकाशी सनई-ढोलवाले गाल फुगवून पी-ढबाक वाजवत होते. एरवी आषाढ आला, की कोल्हापूरची माणसं नदीचं लालभडक नवं पाणी घागरीत भरतात आणि वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन देवीला घालतात. यंदा या गल्लीची नदीपर्यंतची पायपीट वाचली होती. नदीच घरी आली होती, तीही थेट तुळशीवृंदावनाच्या बुडाशी.

"ढकलू नका. आईला घाई चालत न्हाय," जलानंद महाराज म्हणाले. महाराज वृंदावनाशेजारी पाटावर उभे होते, कारण खाली चिखल होता आणि धोतर नवं होतं. "पंचगंगेच्या नद्या किती?"

"पाच," गर्दी म्हणाली.

"दिसत्यात किती?"

"चार."

"मग पाचवी कुठं गेली? गुप्त झाली. इतकी वर्सं भल्याभल्यांनी शोधली, गावली न्हाय. आन् ती हिथं बसलीया, आक्काच्या तुळशीखाली."

पाचव्या नदीला सगळं करवीर सोडून नेमका आक्कांचाच पत्ता कसा सापडला, हे कोणी विचारलं नाही. आरती झाली. महाराजांनी हातातली काठी वृंदावनाजवळच्या फरशीवर तीनदा आपटली आणि डोळे मिटले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फरशीच्या फटीतून गुडगुड असा आवाज आला, बुडबुडे फुटले आणि तांबडंलाल पाणी उसळून अंगणभर पसरलं. बायकांनी हात जोडले. एकीच्या अंगात आलं, दोघींनी तिला धरलं आणि तिसरीनं तेवढ्यात आपली घागर पुढं सरकवून भरून घेतली.

पूर्णिमा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून हे पाहत होती. ती आक्कांची सून, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. तिला शाळेत जायचं होतं आणि फाटकापर्यंतची वाट पाचव्या नदीतून होती. तिनं चपला हातात घेतल्या. निघताना तिनं स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला हात लावून पाहिला. भिंत जुनी, विटा मातीत बसवलेल्या. ओल काल कमरेपर्यंत होती, आज छातीपर्यंत चढली होती आणि खिडकीखाली एक बारीक तडा गेला होता. त्याच भिंतीला डोकं करून आक्का रात्री झोपायच्या.

देवी येण्याआधी या अंगणात नुसतं पाणी येत होतं, ही गोष्ट लोक फार लवकर विसरले. पलीकडचा प्लॉट बिल्डर अमरसिंहांनी घेतला आणि तिथं इमारत उभी करायला काढली. महापुरानं सगळ्यांनाच धडकी भरवली आहे, त्यामुळं जो बांधतो तो आधी आपली जागा उंच करतो. अमरसिंहांनीही ट्रकमागून ट्रक लाल मुरूम आणून ओतला. दोन्ही प्लॉटच्या मधून एक जुना नाला वाहायचा, तोही त्या मुरुमाखाली गेला. पावसाळा लागला आणि आक्कांचं अंगण भरलं. आक्का तेव्हा शहाण्या होत्या. पदर खोचून त्या अमरसिंहांकडं गेल्या.

"पावसाळा हाय आक्का. पाणी येणारच की," अमरसिंह म्हणाले.

"एवढी वर्सं पावसाळा न्हवता व्हय? नाला मोकळा करा, न्हायतर मी महापालिकेत जातो," आक्का म्हणाल्या. कोल्हापूरच्या बायका बोलताना स्वतःला येतो, जातोच म्हणतात आणि म्हटल्याप्रमाणं जातातही.

पण त्या गेल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी जलानंद महाराज दारात हजर झाले, अंगणातल्या डबक्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. पूर्वाश्रमी ते केरबा होते आणि बोअर मारणाऱ्या गाडीपुढं तळहातावर नारळ घेऊन चालायचे. नारळ जिथं उभा राहील तिथं पाणी, असा त्यांचा हिशेब. नारळ बऱ्याचदा कोरड्या जागी उभा राहायचा, म्हणून त्यांनी धंदा बदलला होता. आता त्यांनी पाणी आधीच असलेली जागा निवडली होती, यात मात्र त्यांची अक्कल मानायला हवी.

खरी अडचण बादशहांची झाली. बादशहा गादीवाले आक्कांचे शेजारी. मधे एक कमरेएवढी भिंत, तीवरून भाजीच्या वाट्या आणि भांडणं दोन्ही इकडून तिकडं जायची. पाणी काही भिंत मानणारं नव्हतं. ते बादशहांच्या घरामागच्या परड्यातही शिरलं आणि गाद्या भरायचा कापूस भिजवून गेलं. एका सकाळी त्यांनी भिंतीवरून महाराजांनाच विचारलं.

"म्हाराज, आमच्यात पण आलंया. आमी काय करायचं?"

महाराजांनी वाकून पाहिलं. "त्ये गटाराचं हाय."

"रंग त्योच हाय की."

"रंगावर जाऊ नका. हिकडचं तीर्थ, तिकडचं गटार."

"मग भिंतीखालनं हिकडं येताना त्येला काय हुतंय?" बादशहांनी अगदी गरिबीनं विचारलं. महाराजांनी डोळे मिटून घेतले. अडचणीच्या प्रश्नाला त्यांची समाधी तयारच असायची. गर्दीतल्या एक-दोघांनी बादशहांकडं अशा नजरेनं पाहिलं, की ते मुकाट्यानं आपल्या ओल्या कापसाकडं वळले. पूर्णिमाला ती नजर स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या तड्याहून वाईट वाटली.

तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. विश्वजित कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मोठमोठी यंत्रं चालवायचा, पण घरात आईपुढं त्याचं कुठलंच बटण चालत नसे. "देवाधर्माचं हाय. मी काय बोलू? मला शिफ्टला जायचंय," म्हणत त्यानं गाडीला किक मारली.

पूर्णिमाला पहिला संशय आला तो पुढच्या रविवारी. रविवारी सुट्टी म्हणून ती निवांत अंगणात बसली. आरती झाली, काठी आपटून झाली, पुन्हा आपटून झाली. पाण्याचा पत्ता नाही. महाराज मात्र गडबडले नाहीत. मग ते हसले.

"आज वार कुठला? रविवार. रविवार जोतिबाचा वार. आई आज डोंगरावर गेलीया. उद्या येणार."

लोकांना पटलं. पूर्णिमानं मागचे रविवार आठवले. त्या दिवशीही देवी आली नव्हती. कोल्हापूरकरांच्या देवीनं आठवड्याची सुट्टी घ्यावी आणि तीही बांधकामावरच्या गवंड्यांच्याच सुट्टीच्या दिवशी घ्यावी, हे तिला काही केल्या गिळवेना.

सोमवारी शाळेत जाण्याआधी ती बादशहांच्या गच्चीवर चढली. तिथून अमरसिंहांची साइट तळहातासारखी दिसायची. मधोमध लिफ्टसाठी खोल खड्डा खणलेला होता आणि जमिनीतला पाझर साचून तो काठोकाठ भरला होता. मुरूम विरघळून पाणी कुंकवासारखं लाल झालं होतं. पलीकडं एका पत्र्याखाली बाकड्यावर जलानंद महाराज अमरसिंहांबरोबर चहा पीत बसले होते. कप ठेवून ते उठले आणि मागच्या वाटेनं आक्कांच्या अंगणाकडं निघाले. आरतीचा आवाज सुरू झाला तसा साइटवरच्या सुपरवायझरनं खड्ड्यातला पंप चालू केला. पंपाचा जाड पाइप जिथं सोडला होता तिथं पूर्वी नाला होता. आता नुसता मुरमाचा ढीग होता आणि पाणी त्या ढिगात शिरून दिसेनासं होत होतं.

"चाचा, नाल्यात आमच्या अंगणातला एक पाइप निघायचा ना? कपडे वाळत घालताना मी त्याचं तोंड बघितलंय."

"व्हय की. तुज्या सासऱ्यानं घाटलेला. जोतीरामदादानं स्वता चर मारलीती. अंगणातलं पाणी त्या फरशीखालनं नाल्यात जायचं."

"आणि आता नालाच बुजलाय. मग पंपाचं पाणी कुठं जाणार?"

बादशहांनी एकदा मुरमाच्या ढिगाकडं पाहिलं, एकदा पलीकडच्या अंगणाकडं. अंगणात गुडगुड झाली आणि टाळ्या वाजल्या. बादशहा कपाळाला हात लावून खालीच बसले.

संध्याकाळी पूर्णिमानं आक्कांना सगळं सांगितलं. खड्डा, पंप, नाला, पाइप, चहा. आक्का तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही, पण चेहरा उतरत गेला.

"झालं तुजं सांगून? तुजी शाळा शाळंत ठेव."

"आत्या, भिंत पडंल ओ ही."

"पडू दे. तुजा सासरा गेल्यापासनं ह्या दारात कोण आलतं? सांग की. लग्नकार्याला बोलावलं तरी मागं बसवायची मला. आता सगळी गल्ली पाया पडती. तुला बघवंना व्हय?"

पाण्याचा उतार समजावणं सोपं होतं. बारा महिने रिकाम्या दाराकडं बघत बसलेल्या बाईला काय समजावणार? तिला आक्कांची कीव आली आणि त्या चहा पिणाऱ्या दोघांचा संताप आला.

बुधवारी महाराजांना दृष्टान्त झाला. आईला आता देऊळ हवं होतं. माणसांनी तिच्या डोक्यावर चूल पेटवावी हे तिला सोसवत नव्हतं. आक्कांनी जागा सोडायची, अमरसिंह स्वखर्चानं देऊळ बांधणार आणि आक्कांना आपल्या इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट देणार. देवीचा दृष्टान्त असा बिल्डरच्या नकाशाबरहुकूम असावा, याचं गर्दीला कौतुकच वाटलं. शुक्रवारी आरतीनंतर सगळ्यांसमोर सही करायचं ठरलं. आक्कांनी मान डोलावली. घर त्यांच्याच नावावर होतं.

आता वाद घालायला वेळ उरला नव्हता. गुरुवारी आरतीच्या वेळी पूर्णिमा पुढं आली, तिनं महाराजांना रीतसर नमस्कार केला आणि विचारलं, "महाराज, आई रोज लालच येते. भक्तानं मागितला तर दुसरा रंग घेईल का?"

"आई लहर लागंल तसा रंग घेती. पर मागणारा तसा पायजे," महाराज म्हणाले.

"मग आत्यांनी मागितला तर? जागा त्याच देणार आहेत."

गर्दीला कल्पना आवडली. महाराजांना नाही म्हणता येईना. देवी ज्यांच्या दारात आली त्या बाईला तुझी लायकी नाही असं कसं सांगणार? शिवाय रंग बदलला नाही, तर आक्कांची भक्ती कमी पडली म्हणायची सोय होतीच. आक्का आधी लाजल्या, मग हळूच म्हणाल्या, "हिरवा. चुड्यासारखा."

त्या दुपारी शाळेतून परतताना पूर्णिमा शाहूपुरीत उतरली. मिठाईवाल्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून तिनं हिरव्या रंगाची पूड घेतली, बर्फीत घालतात ती. रंगपंचमीचा पक्का रंग स्वस्त पडला असता, पण भक्त ते पाणी पितात हे तिला ठाऊक होतं. त्यांना अक्कल नसली म्हणून आपण सोडून चालणार नव्हतं.

शुक्रवारी गर्दी रस्त्यापर्यंत गेली. अमरसिंह पांढऱ्या कपड्यांत आले, कागद हातातच होते. बादशहा मात्र भिंतीपाशी दिसत नव्हते. ते गच्चीवर होते. सकाळी त्यांनी पूर्णिमानं दिलेले डबेच्या डबे पलीकडच्या खड्ड्यात उपडे केले होते आणि आता पंपाकडं डोळे लावून बसले होते.

महाराजांनी काठी आपटली. गुडगुड झाली. बुडबुडे आले. आणि मग पाणी आलं ते हिरवं. अगदी चुड्यासारखं नव्हे, लाल मातीत मिसळल्यानं शेणाच्या सड्यासारखं दिसत होतं, पण हिरवं होतं यात शंका नाही.

महाराज पाटावरून खाली पडता पडता राहिले. नवं धोतर चिखलात गेलं. पूर्णिमा बोलायला पुढं झाली, तिनं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. पण ती तोंड उघडायच्या आत एक बाई ओरडली, "आक्का बोलल्या आन् आई हिरवी झाली." आणि सगळी गर्दी आक्कांच्या पायांवर कोसळली.

पूर्णिमा बघतच राहिली. एक भोंदू खाली पाडायला निघालेल्या या विज्ञानाच्या बाईंनी घरातच दुसरी देवी उभी केली होती. महाराज तेवढ्यात सावरले. "बघितलंसा? आई आक्काच्या अंगात आली," त्यांनी ठोकून दिलं. बायका पुढं घुसल्या. एकीनं आक्कांचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "आक्का, माज्या पोराला नोकरी लागंल काय, सांगा की." दुसरी तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आली. "ह्येला हात लावा. डॉक्टरकडं न्हेत न्हाय आता."

आक्कांनी लेकराच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. त्यांनी गर्दीतून सुनेला शोधलं. "पूर्णिमा, हे काय गं?"

"बर्फीत घालायचा रंग आहे, आत्या. तुम्ही सांगितला तो आणला. चाचांनी पलीकडच्या खड्ड्यात ओतला. सोमवारी मी सांगितलं होतं तेच."

आक्कांनी त्या लेकराकडं पाहिलं. ते ग्लानीत होतं. आपल्या अंगात काही आलेलं नाही, हे त्या अंगणात एकट्या आक्कांना पक्कं ठाऊक होतं. आणि आपल्याबद्दल जे खोटं, ते पाण्याबद्दल खरं कसं असेल, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

"ह्येला आधी दवाखान्यात घिऊन जा," त्या आईवर खेकसल्या. "माज्यात काय न्हाय. पहार कुठं हाय?"

पहार चुलीमागं होती. आक्कांनी ती फरशीच्या फटीत घातली. "पाप लागंल," महाराज ओरडले. "लागू दे की," म्हणत आक्कांनी जोर लावला. पूर्णिमानं दुसरी बाजू धरली. फरशी उलटली. खाली सिमेंटच्या पाइपाचं तोंड होतं आणि त्यातून पाचवी नदी भकाभका ओकत होती.

"चाचा," पूर्णिमानं हाक दिली.

बादशहा गच्चीच्या कठड्यावर वाकले आणि पलीकडं ओरडले, "ओ पावणं, पंप जरा बंद करा की." सुपरवायझर नवा होता आणि भला माणूस होता. आरती ऐकू आली की पंप लावायचा, एवढंच त्याला सांगितलं होतं. आपल्या बटणावर अर्धं कोल्हापूर हात जोडून उभं असतं याची त्याला कल्पना नव्हती. त्यानं पंप बंद केला. पाइपाच्या तोंडचं पाणी ढेपाळलं, एक-दोन उचक्या देऊन थांबलं.

"आता चालू करा."

पाणी आलं.

"बंद करा."

पाणी गेलं. तिसऱ्या वेळी गर्दीत कोणीतरी हसलं आणि मग हसू आवरेना. ज्या बाईच्या अंगात आलं होतं तीही हसत होती. महाराजांनी समाधी लावायचा विचार केला असावा, पण फाटक जवळ होतं. ते ज्या वेगानं निघाले तो वेग त्यांना बोअरच्या गाडीपुढं चालताना कधी जमला नव्हता.

अमरसिंह मात्र थांबले. "गैरसमज झालाय, आक्का. भावनेचा प्रश्न हाय," असं काहीतरी ते बोलू लागले.

"भावना माजी हुती. पाणी तुमचं हाय," आक्का म्हणाल्या. "नाला उद्याच्या उद्या मोकळा करा. महापालिकेत मी आत्ताच निघालोय. आन् ह्या बादशहाचा कापूस भिजवलाय, त्येचं बी बघा." मग त्या गर्दीकडं वळल्या. "त्या दिवशी ह्येच्याकडं डोळं वटारून कोण कोण बघत हुतं? त्यो तवाच खरं बोललाता."

अमरसिंहांनी कागद घडी करून खिशात घातले.

महापालिकेची माणसं आली, पंचनामा झाला, जेसीबीनं नाला उकरला. अंगण सुकायला आठवडा लागला. भिंतीला विश्वजितनं टेकू दिला आणि खिडकीखालचा भाग उतरवून पुन्हा बांधून घेतला. दार पुन्हा रिकामं झालं. पाया पडणारी माणसं रस्त्यानं जाताना आता दुसरीकडं बघायची. पूर्णिमाला त्याचंच वाईट वाटत होतं. एका संध्याकाळी ती आक्कांशेजारी पायरीवर जाऊन बसली.

"आत्या, माझ्यामुळं माणसं तुटली तुमची."

"माणसं माजी कुठं हुती? पाण्याची हुती," आक्का म्हणाल्या. "त्या बाबाचा मला एवढा राग न्हाय. त्यो त्येचं पोट भरत हुता. तुज्या सासऱ्यानं उन्हात चर मारली, हात सोलपटलं त्येचं. त्येला मीच पाणी दिलतो. त्यो पाइप हिथं हाय ह्ये मला ठावं हुतं गं. रोज त्याच फरशीवर पाय ठिवत हुतो. आन् एक परका माणूस म्हणाला देवी, तर मी पण म्हटलो देवी. त्येचं कष्ट मी दुसऱ्याच्या नावावर केलं."

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पूर्णिमानं त्यांचा हात धरला.

वाचकहो, पाणी उतारानं जातं आणि वाट अडली की मागं फिरतं. एवढं कळायला शाळा लागत नाही, आक्कांना ते कळत होतंच. लागतं ते फरशी उचलून बघायचं धाडस. तुमच्या दारात उद्या काही अद्भुत उगवलं, तर हात जरूर जोडा, पण त्याआधी ते कुठून आलं हे शेजारच्या गच्चीवर चढून बघून या. तुम्ही खाली डोळे मिटून उभे असताना कोणीतरी पलीकडं बसून चहा पीत असतं.